कर्ता कोण?

आमच्या विद्यार्थी-मित्रांस व्याकरणाचा तास नीरस वाटतो, हें आम्हांस ठाऊक आहे. "कर्ता सांगा, कर्म सांगा, प्रयोग ओळखा," असें म्हणतांच निम्म्या वर्गाची दृष्टि खिडकीबाहेर जाते. परंतु हेच विद्यार्थी वर्गाबाहेर पडल्यावर व्याकरणाचा असा कांहीं कुशल उपयोग करतात कीं, १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंगांनींही तोंडांत बोट घालावें!

एक साधें उदाहरण घेऊं. चिरंजीवांच्या हातून कांचेचा पेला खालीं पडला. आवाज ऐकून मातोश्री धांवत आल्या. "काय झालें रे?" उत्तर आलें, "पेला फुटला." आतां या वाक्याचें व्याकरण चालवून पाहा. क्रियापद 'फुटला', कर्ता कोण? पेला! म्हणजे फुटण्याचा सारा उद्योग पेल्यानेंच आरंभिला आणि त्यानेंच तो तडीस नेला. चिरंजीव तेथें केवळ प्रेक्षक म्हणून हजर होते. 'मीं पेला फोडला' असें वाक्य आपल्या भाषेंत करतां येत नाहीं काय? येतें, पण तें फक्त व्याकरणाच्या पुस्तकांत आढळतें.

याच जातीचीं आणखी वाक्यें आमच्या संग्रहीं आहेत. 'गृहपाठ राहून गेला.' 'शाळेस उशीर झाला.' 'दौत कलंडली.' 'पुस्तक हरवलें.' या सर्वांत माणूस म्हणून कोणी नाहींच. गृहपाठ आपल्याच मर्जीनें मागें राहतो, दौत आपल्याच हौसेनें कलंडते, आणि पुस्तक घरच्या जाचाला कंटाळून परागंदा होतें! मात्र यशाचा प्रसंग आला म्हणजे हरवलेला कर्ता लगबगीनें वाक्यांत परत येतो. 'आम्हीं सामना जिंकला'. परंतु 'सामना गेला'. 'मी पास झालों'. परंतु 'मला नापास केलें'.

ही विद्या मुलांनीं स्वयंस्फूर्तीनें संपादन केली, असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या घरांत 'विजेचें बिल भरायचें राहिलें' आणि 'दूध उतू गेलें' हीं वाक्यें नित्य कानांवर पडतात, तेथें बालकांस निराळी शिकवणी लागत नाहीं. पुढें तीं मोठीं होऊन कचेरींत गेलीं कीं, विद्येस पूर्णता येते. तेथें कागद 'गहाळ होतो', काम 'प्रलंबित राहतें', आणि 'योग्य ती कार्यवाही करण्यांत येईल' असें उत्तर मिळतें. कोणाकडून करण्यांत येईल? केव्हां? तें विचारणें शिष्टाचारास सोडून होय.

येथवर वाचकांस हंसूं आलें असेल, तर आम्हांस आनंदच आहे. आतां थोडें गंभीर बोलूं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या जिन्याजवळील नळ गळूं लागला. तीन दिवस पायरीवर पाणी सांचत होतें. चौथ्या दिवशीं पांचवींतील एक लहान मुलगा तेथें घसरला व त्याचा हात मोडला. मग चौकशी सुरू झाली. वर्गनायक म्हणाले, "तें शिपायाचें काम." शिपाई म्हणाला, "मीं कचेरींत सांगितलें होतें." कचेरींतून समजलें कीं, लेखी तक्रार आलेली नाहीं. आणि पाणी कोणाकोणास दिसलें होतें, असें विचारतां उत्तर मिळालें कीं, तें सर्वांसच दिसलें होतें! खरें सांगावयाचें तर, हा लेख लिहिणारे आम्हीही तीन दिवस त्या पायरीवरून जपून पाय टाकीत वर गेलों होतों. स्वतःचा पाय जपला, एवढीच आमची कर्तबगारी. शेवटीं सर्वानुमतें ठरलें कीं, 'मुलगा घसरला'. व्याकरणदृष्ट्या हें निर्दोष आहे. कर्ता मुलगाच!

आमच्या शाळेंत एका मुलाच्या हातावर निभावलें. परंतु हेंच व्याकरण मोठ्या जागीं चाललें म्हणजे काय होतें, हें मुंबई शहरानें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. युद्धाचे दिवस होते. 'फोर्ट स्टिकिन' नांवाचें जहाज व्हिक्टोरिया गोदींत दोन दिवसांपूर्वींच येऊन लागलें होतें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन दारूगोळा होता. आणि त्याच्या संगतीस कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारों गांठी होत्या! स्फोटक माल असल्याची खूण म्हणून जें तांबडें निशाण लावावयाचें, तें 'लावायचें राहून गेलें'. दुपारच्या सुटींत जहाजांतून निघणारा धूर आसपासच्या कांहीं लोकांस 'दिसला होता'. पण वर्दी कोणीं दिली नाहीं. दोनच्या सुमारास आग लागल्याची ओरड झाली. पुढें सुमारें दोन तास हातीं होते. कोणी म्हणे, जहाज जागच्या जागीं बुडवावें. कोणी म्हणे, ओढून गोदीबाहेर न्यावें. तेथें अधिकारी पुष्कळ होते. परंतु 'हें मी ठरवितों, याचा जाब मी देईन' असें शेवटचें वाक्य उच्चारणारा कोणी निघाला नाहीं. 'निर्णय झाला नाहीं', एवढेंच इतिहासांत उरलें. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला भयंकर स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं, आसपासचीं जहाजें व वखारी नष्ट झाल्या, हजारों कुटुंबें बेघर झालीं.

परंतु त्या दिवसाच्या हकीकतींत एक वाक्य असें आहे कीं, त्यांत कर्ता स्पष्ट उभा आहे. अग्निशामक दलाचे जवान पाण्याच्या नळ्या घेऊन त्या जहाजावर लढले. निशाण लावणें त्यांचें काम नव्हतें. कापूस व दारूगोळा त्यांनीं एकत्र भरला नव्हता. 'आमचा काय संबंध?' असें म्हणण्याचा अधिकार कोणास असलाच, तर तो त्यांना होता. त्यांपैकीं ६६ जण कर्तव्य करीत असतां मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह आजही देशभर पाळला जातो. ज्यांनीं टाळलें त्यांचीं वाक्यें कर्त्यावांचून राहिलीं. ज्यांनीं केलें त्यांचे स्मारक भायखळ्यास उभें आहे.

आतां पालकांस एक नम्र विनंती. 'मीं फोडला' म्हणणाऱ्या मुलाच्या गालावर चापट बसते, आणि 'फुटला' म्हणणारा सहीसलामत सुटतो, अशी ज्या घरची रीत असेल, त्या घरचें मूल कोणतें व्याकरण शिकेल? तोच प्रश्न आम्हां शिक्षकांसही लागू आहे. खरा कर्ता पुढें यावा असें वाटत असेल, तर पुढें येण्याची वाट आपण थोडी निष्कंटक केली पाहिजे. पेल्याची किंमत भरून येते. गेलेला खरेपणा भरून येण्यास फार दिवस लागतात.

आणि विद्यार्थी-मित्रहो, तुम्हांस एकच सोपा अभ्यास सांगतों. रोज रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसांतील एक तरी वाक्य कर्ता घालून पुन्हां म्हणा. 'उशीर झाला' नव्हे, 'मीं उशीर केला'. 'पाणी दिसलें होतें' नव्हे, 'मीं पाणी पाहिलें आणि पुढें गेलों'. पहिल्या दिवशीं जीभ अडखळेल. पण दुसऱ्या दिवशीं पाणी दिसतांच पाय आपोआप थांबतील, आणि हात फडक्याकडे जाईल.

जातां जातां एक कबुली. या अंकासाठीं हा लेख ठरल्या मुदतीनंतर पंधरा दिवसांनीं संपादकांच्या हातीं पडला. सोबतच्या चिठ्ठींत 'कांहीं अपरिहार्य कारणांमुळें विलंब झाला' असें आम्हीं लिहिलें होतें. ती चिठ्ठी आम्ही परत मागून घेत आहोंत. कारण अपरिहार्य असें कांहींच नव्हतें. विलंब झाला नाहीं. विलंब आम्हीं केला.