जनावराच्या अंगांतील औषधाची शिल्लक

बैलाचा सांधा सुजला कीं सुई टोंचवावी, आणि दुसरे दिवशीं तो वैरण खाऊं लागला म्हणजे औषधाचें काम संपलें असें समजावें, ही आमच्या शेतकरी बंधूंची चाल आहे. काम संपलें तरी औषध संपलेलें नसतें. तें रक्तांत मिसळतें, यकृत त्याचें रूप पालटतें, मूत्रपिंडें तें मूत्रावाटे बाहेर टाकतात. कांहीं अंश पित्ताबरोबर शेणांतून जातो व दुभत्या जनावराच्या दुधांतही उतरतो. याला कधीं एक दोन दिवस लागतात, तर कधीं आठवडे.

या शिलकेच्या उपेक्षेचें फळ आपण पाहिलें आहे. १९९० नंतर गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें कारण उघड केलें: सुजेवरचें डायक्लोफिनॅक अंगांत असतांच मेलेलीं गुरें खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत होतीं. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं तें बंद केलें, तेव्हां माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत येऊं लागल्या. २०१५ सालीं त्याही बंद कराव्या लागल्या. एसिक्लोफिनॅक नांवानें निराळें खरें, पण गाईच्या शरीरांत त्याचें डायक्लोफिनॅकच बनतें. त्यावर बंदी यावयास २०२३ साल उजाडलें. म्हणून नुसत्या बंदीवर विसंबणें आम्हांस पटत नाहीं. मेलॉक्सिकॅम गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. डॉक्टरांपाशीं त्याची विचारणा करण्यास संकोच कसला?

दुधाची गोष्ट अधिक नाजूक. कास सुजल्यावर दिलेलें प्रतिजैविक दुधांत उतरतें. असलें दूध तापवून निर्दोष होईलच असें नाहीं, व त्यास विरजणही नीट लागत नाहीं. किती दिवस दूध घालूं नये हें वेष्टनावर छापण्याचा नियम २०१२ पासून आहे. मुदत ठरलेली नसेल तेथें निदान ७ दिवस धरावयाचे. एका म्हशीवर संसार चालविणाऱ्यास ७ दिवसांचें दूध ओतून देणें सोपें नव्हे. तो भुर्दंड त्यानें एकट्यानें सोसावा हें न्याय्य नाहीं; दूध संस्थांनीं नफ्यांतून तुटीचा कांहीं भाग भरून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमचा जन्म दप्तरांत गेला. तारखेवांचून नोंद ही आम्ही नोंदच मानीत नाहीं. गोठ्यांतील वहींत औषधाचें नांव, दिल्याची तारीख व मुदत संपण्याची तारीख लिहावी, आणि त्या मुदतींत जनावर दगावलें तर तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें.