प्रवाळबेटावरील पाहुणे

अंदमानांतील वंडूरहून जॉली बॉय बेटाकडे जाणाऱ्या प्रवाशांस प्लॅस्टिकची बाटली बेटावर टाकतां येत नाहीं. वर्षांतील कांहीं महिने तें बेट बंद असतें व त्या काळांत रेड स्किन बेट खुलें राहतें. इतक्या दूर येऊन एकच बेट पाहावयास मिळतें, ही तक्रार आम्हीं पुष्कळदां ऐकिली आहे. आमच्या मतें ती रास्त नव्हे.

१९८३ सालीं स्थापिलेल्या या सागरी राष्ट्रीय उद्यानांत काचतळाच्या होडींतून जें रंगीत रान दिसतें, तें इवल्या जीवांनीं चुना सांठवून उभारिलें आहे. कित्येक जातींचें प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतें. एका बेफिकीर पावलानें मोडलेला वीतभर तुकडा पुन्हा घडावयास मुलाचें सारें बालपण जावें लागेल. शिवाय २०१० सालीं समुद्र तापून येथील पुष्कळ प्रवाळ पांढरें पडलें. आजाऱ्याच्या खोलींत हलक्या पावलांनीं जावें, हें आपण घरीं शिकवितों. येथील नियम निराळें काय सांगतात?

समुद्राचा ताप एकट्या प्रवाशानें उतरणार नाहीं. पाय जपून टाकणें मात्र त्याच्या हातीं आहे. म्हणून पालकांस आमची विनंती, कीं सहलीहून परतलेल्या मुलास 'काय आणलेंस?' असें विचारूं नये, 'काय पाहिलेंस?' असें विचारावें.