उघडे राहिलेले दार

पुण्यात पंचहौद हे नाव निघाले की चारचौघांना प्रथम चहा आठवतो. 1890 च्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतील या मिशनच्या आवारात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृती मंडळींपुढे चहाचे पेले आणि बिस्किटे मांडली गेली, गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापविली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि एका पेल्यापायी या शहरात जे ग्रामण्य माजले त्याची हकीकत पुणेकर आजही चवीने सांगतो. या आवारातील ख्रिस्ती भगिनींशी ज्यांचा ऋणानुबंध चहाच्या पेल्याहून कितीतरी खोल होता, आणि ज्यांच्या आयुष्याला त्या परिचयातून निराळेच वळण लागले, त्या पंडिता रमाबाईंचे नाव मात्र आपण शाळेच्या पुस्तकापुरते ठेवले आहे, आणि तेही जरा जपून, धर्मांतराचा मजकूर येईल तेथे आवाज खाली आणून.

आज त्यांचे स्मरण होण्यास निमित्त घडले ते रस्त्यावरच्या एका फलकाचे. प्रार्थनेला या, आजार जाईल, कर्ज फिटेल, नोकरी लागेल, असा त्यावर जाहीरनामा होता. फलक ख्रिस्ती सभेचा होता म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण अगदी याच भाषेत बोलणारे बुवा आणि महाराज त्याच खांबावर दोन हात वर झळकत होते, आणि नवस बोलणे व नवस फेडणे हा व्यवहार आपल्या घरातही काही अपरिचित नाही. ख्रिस्ती मंडळीत कोणी आपल्या संकटाची व त्यातून झालेल्या सुटकेची कथा सर्वांसमोर सांगितली तर तिला ‘साक्ष देणे’ म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण साक्षीदारावर खरे बोलण्याची जबाबदारी असते आणि उलटतपासणीची त्याने तयारी ठेवावी लागते. रमाबाईंनीही साक्ष लिहिली आहे. ती पुढ्यात घेऊन बसले की फलकावरच्या जाहीरनाम्याचा हिशेब कोठेच जुळत नाही. आणि संकटानंतर प्रार्थनेच्या आधाराने माणूस उभा राहतो म्हणजे नेमके काय होते, याचा उलगडा मला त्या न जुळणाऱ्या हिशेबातच होतो असे वाटते.

कारण रमाबाईंच्या घरात प्रार्थनेला कधीच तोटा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित. पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करून सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम थाटून राहिलेले, आणि पुढे द्रव्य संपल्यावर कुटुंबासह तीर्थयात्रा करीत, देवळाच्या ओवरीत पुराण सांगत हिंडणारे. रमाबाईंचा जन्म 1858 चा. बालपण सगळे वाटेवर गेले. जप, अनुष्ठाने, उपवास, ब्राह्मणांस दाने यांत हयगय अशी कधी झाली नाही. मग दक्षिणेत 1874 च्या सुमारास दुष्काळ पडला, आणि जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आधीच गेलेले असल्यामुळे, अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते अशा अवस्थेत हे विद्वान कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. वृद्ध, दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन. मजुरी मिळण्यापूर्वीच वडील गेले. पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, पण पदवीने कोणाचे आयुष्य वाढत नाही. 1880 साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. 1881 साली मनोरमा जन्मली. आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पतीसही नेले.

वयाच्या चोविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मुलगी घेऊन ही विधवा पुण्यास आली, आणि बाई रडत बसली नाही. त्याच वर्षी तिने आर्य महिला समाज काढला व हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी जबानी दिली. पंचहौद मिशनमधील वाँटेजच्या भगिनींशी परिचय झाला तो याच दिवसांत, आणि 1883 साली त्यांच्याच आश्रयाने ती इंग्लंडास गेली. तेथेही संकटाने पाठ सोडली नाही. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्महत्या केली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

या बाप्तिस्म्याची कारणमीमांसा आपल्याकडे पुष्कळांनी केली. कोणी तिला मिशनऱ्यांची फूस म्हटले, कोणी असहाय स्त्रीचा नाइलाज. स्वतः त्या जे सांगतात ते निराळे आहे, आणि मला ते अधिक पटते. लंडनमध्ये फुलम येथे भगिनींनी चालविलेले एक घर त्यांना दाखविण्यात आले. ज्यांना समाज पतित म्हणतो अशा स्त्रिया तेथे राहत होत्या, आणि सभ्य घरांतल्या बायका त्यांची सेवा करीत होत्या. ज्या स्त्रियांची सावली आपल्या देशी कोणी अंगावर घेत नाही त्यांच्यासाठी इतका जीव टाकावा असे यांना का वाटते, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि उत्तरादाखल त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ठेवण्यात आली. म्हणजे या विदुषीने प्रथम काम पाहिले आणि मग त्या कामाचे मूळ शोधीत ती धर्मग्रंथापर्यंत गेली. इतकेच नव्हे, तर बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, मनाला स्वस्थता नव्हती, अशी स्पष्ट कबुली त्यांच्या साक्षीत आहे. एका रात्रीत अश्रू पुसले गेल्याची कथा त्यांना सहज रचता आली असती. त्यांनी ती रचली नाही.

रमाबाई मायदेशी परतल्यावर 1889 च्या मार्चमध्ये मुंबईस त्यांचे विधवा मुलींसाठीचे शारदासदन निघाले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा पुरविण्याचे वचन दिले होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. आणि सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा करार होता. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही विधवा मुली उंबऱ्याशी येऊन बसू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. 1893 साली टिळकांच्या ‘केसरी’ने त्यावर रान उठविले, रानडे आणि भांडारकर यांनी संबंध सोडला, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घ्या, एवढीच वास्तविक मागणी होती. रमाबाईंनी दार लावले नाही.

या वादात माझे मत कोणत्याच एका बाजूस पुरतेपणी पडत नाही. ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, जिचे जेवण, वस्त्र आणि शिक्षण एका व्यक्तीच्या हाती आहे, ती त्या व्यक्तीच्या प्रार्थनेला जाऊन बसते तेव्हा तिच्या संमतीची किंमत काय, हा टिळकांच्या बाजूचा प्रश्न खोटा नव्हता, आणि तटस्थतेचे वचन दिल्यावर ते काटेकोरपणे पाळावयास हवे होते असे रमाबाईंचा कैवार घेणाऱ्यानेही मान्य करावे. परंतु त्या मुलींना काढून नेणाऱ्यांपैकी किती जणांनी घरी नेल्यावर त्यांच्या हाती पाटी दिली, हा दुसरा प्रश्नही त्याच दप्तरात बांधून ठेवला पाहिजे. त्याच सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई 1893 च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या, त्या हिंदू म्हणूनच. आणि हिंगण्यास पुढे कर्व्यांची जी संस्था उभी राहिली तिच्या मुळाशी या सदनाचा हात आहे, हे कर्व्यांच्या चरित्राचा वाचक जाणतो.

रमाबाईंच्या प्रार्थनेची खरी परीक्षा मात्र व्हावयाची होती. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वर्तमानपत्रातील बातम्या वाचून ही बाई स्वतः तिकडे गेली, आणि दुष्काळी छावण्यांत हाडांचे सापळे होऊन पडलेल्या, कोणाही दलालाच्या हाती सहज लागणाऱ्या बेवारशी मुली पाहून तिला आपलेच वीस वर्षांपूर्वीचे रान आठवले. तिने तीनएकशे मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, रँडसाहेबांचा अंमल, एवढी माणसे शहरात ठेवण्यास मनाई. तेव्हा दौंडच्या वाटेवर, पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर केडगाव येथे आधी घेऊन ठेवलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि छपरे घालून त्यांची सोय लावण्यात आली. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल होत होते त्यांविषयी रमाबाईंनी त्याच वर्षी मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि सरकारच्या गैरमर्जीची पर्वा केली नाही. प्रार्थना करणारी माणसे अन्यायापुढे मुकी होतात असा ज्यांचा समज असेल त्यांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

बॉस्टनच्या वचनाची दहा वर्षे 1898 साली सरली. त्यानंतर गुजरातचा दुष्काळ आला आणि केडगावच्या या वसाहतीतील, म्हणजे ‘मुक्ती’तील, माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या ताटांचा विचार जरा करून पाहावा. रोज पहाटे दळण, भाकऱ्या, पाणी. उवांनी भरलेली डोकी, खरजेने फुटलेली अंगे. उपाशी राहून राहून अन्न दिसताच झडप घालणाऱ्या आणि ताटातले चोरून पदरात बांधून ठेवणाऱ्या पोरी. त्यांना न्हाऊ कसे घालावे येथपासून सारे आरंभावे लागले. विहिरी खणल्या गेल्या, तेलाचा घाणा आला, माग आले, दुभती जनावरे आली, छापखाना आला. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल लिपी शिकवू लागली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले. पैशासाठी रमाबाई प्रार्थना करीत आणि प्रार्थनेवरच विसंबत, हे सर्वश्रुत आहे. परंतु देव पाऊस पाडील म्हणून विहीर खणण्याचे त्यांनी तहकूब केले नाही, आणि देव धान्य धाडील म्हणून कोठारातील मापे मोजण्याचे सोडले नाही. ज्यांच्या आईबापांनी सारी पुंजी देवाला वाहून उपासमारीने प्राण सोडले, त्यांना हे निराळे शिकविण्याची गरज नसावी.

1905 साली केडगावास प्रार्थनेची जी लाट उसळली, शेकडो मुली दिवसेंदिवस रडत, मोठ्याने पापे कबूल करीत, भान हरपून पडत, तिच्याविषयी मी मोकळेपणाने सांगतो की ती मला परकी वाटते. पण त्या मुलींचे मागले दिवस आठवले की माझी नापसंती मलाच अंमळ उथळ वाटू लागते. दुष्काळात आई समोर मेलेली, भाऊ विकला गेलेला, आणि तोवर रडावयास कोणी सवडच दिली नाही, अशा मुलीने जर काही वर्षांनी प्रार्थनेच्या सभेत टाहो फोडला, तर तो टाहो कोठून आला हे समजण्यास धर्मशास्त्राची आवश्यकता नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुली चुलीपाशी, मागापाशी, छापखान्यात हजर असत.

लक्ष्मीबाई टिळकांचेही उदाहरण येथे ओघाने येते. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला हेच त्यांचे संकट. वर्षानुवर्षे ताटातूट सोसून मग त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने त्याच श्रद्धेपर्यंत चालत गेल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने नारायण वामनांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पतीच्या निधनानंतर पुरे केले. पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’वर मराठीत एवढे लिहिले गेले आहे की मी अधिक भर घालत नाही.

रमाबाईंना एकामागून एक जे गमवावे लागले त्यातले काहीही त्यांच्या प्रार्थनेने परत आणले नाही. त्यांना मिळाली ती दुसऱ्यांची जबाबदारी, आणि ती दिवसागणिक वाढत गेली. शेवटचा घाव 1921 च्या जुलैत बसला. त्यांच्या मागे सारे चालविण्यास जी तयार झाली होती ती मनोरमा, एकुलती एक लेक, मिरजेस वारली. त्या वेळी रमाबाईंच्या टेबलावर एक काम अर्धे पडले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा वृद्धपणी शिकून, सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. मुलीच्या मृत्यूनंतर त्या आठ-नऊ महिने जगल्या, कानांनी ऐकू येईनासे झालेले असताना मुद्रिते तपासत राहिल्या, आणि ते काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. तो ग्रंथ 1924 साली केडगावच्या मुक्ती छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे तेथल्या मुलींनी जुळवले होते.