मालवणच्या खाऱ्या हवेत छोटा गेमिंग पीसी: पंखे वाढवावेत की वॅट कमी करावेत?
एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅम महागली. डिसेंबर 2025 मध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे मालवण-वेंगुर्ल्यात पीसी गंजला, तर भुर्दंड आता मोठा.

17 बाय 17 सेंटीमीटरच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डच्या छोट्या केसमध्ये हवा खेळायला जागा कमी, म्हणून लोक पंखे वाढवतात. पण किनाऱ्यावर प्रत्येक पंखा खारी हवाही आत ओढतो. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि धातू गंजतो. लिक्विड कूलिंगचा रेडिएटरही त्याच हवेवर चालतो.

त्यापेक्षा उष्णताच कमी करावी: 250 वॅटच्या आरटीएक्स 5070 ऐवजी 145 वॅटचं 5060. फ्रेम्स घटतील, पण 1080पी गेमिंगला ते पुरतं. आणि पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद ठेवू नये; चालू असला की आतून कोरडा राहतो.