कॅमेरा कोणाच्या ताब्यात?

पोलीस चकमकींतील मृत्यूंची चौकशी कशी व्हावी, याचे सोळा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी घालून दिले. खटला महाराष्ट्राचाच होता. बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 रोजी, बदलापूर अत्याचार प्रकरणातील आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असता पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मरण पावला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मात्र त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत आणि जानेवारी 2025 मधील अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले.

दोन बालिकांवरील अत्याचाराने कोणाचेही रक्त तापेल. परंतु येथे अलोऱ्यात आपल्याच विचारांच्या मंडळींत ‘बरे झाले’ म्हणणारे मला भेटले, याचा विषाद वाटतो. त्याच्यावरील आरोप न्यायालयात सिद्ध करण्याची वाटच त्या गोळीने बंद केली, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

गाडीत काय घडले हे सांगणारे उरले ते पोलीसच. म्हणून पोलिसांच्या अंगावर कॅमेरे लावा, अशी मागणी होते. मागणी रास्त, पण अपुरी. 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघे मरण पावले. गोळ्या झाडणारे, गाड्यांच्या काचा फोडणारे पोलीस तेव्हा घरोघरी दिसले, कारण कॅमेरा वृत्तवाहिन्यांचा होता. अंगावरच्या कॅमेऱ्याची कळ पोलिसाच्याच बोटाखाली, आणि चित्रण त्याच्याच खात्याच्या कपाटात! रोखपालानेच हिशेब तपासावा, हे गावची पतपेढीसुद्धा चालू देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. देखरेखीसाठी जिल्हा समित्याही नेमावयास सांगितल्या. त्या समितीत पोलीस अधीक्षक स्वतःच सदस्य!

तेव्हा कॅमेऱ्यांच्या खरेदीवर आपण समाधान मानू नये. गोळी झाडली गेली की चित्रण त्याच दिवशी जिल्हा न्यायालयाच्या ताब्यात जावे, मृताच्या नातेवाइकांना त्याची प्रत मिळावी, आणि कॅमेरा बंद आढळल्यास त्याचा खुलासा करण्याचा भार पोलिसांवर असावा. रत्नागिरीच्या जिल्हा समितीच्या बैठका कधी झाल्या आणि त्यांत काय ठरले, हे माहितीच्या अधिकारात विचारणारा अर्ज मी लिहून ठेवला आहे. इतर तालुक्यांतील साथींनीही तो करावा; नक्कल मागवल्यास पाठवीन.