कोबीची थंडी

गेल्या शनिवारी गावी गेलो होतो, संगमनेरजवळ. काका कोबीच्या बियाण्याची पुडी घेऊन आले. एवढीशी पुडी, आणि किंमत बघून मी उडालोच! म्हटलं, "काका, दोन-चार गड्डे ठेवून घरचंच बी का नाही धरत?"

"अरे, आपल्याकडं कोबीला फूल कुठं लागतंय?"

घ्या! एवढं इंजिनिअरिंग करून हे माहीत नव्हतं. मग वाचत बसलो. कोबीत एफएलसी नावाचं जनुक फुलोऱ्याला ब्रेक लावून बसलेलं असतं. रोप पुरेसं मोठं झालं आणि पुढे काही आठवडे ४ ते १० अंशांची थंडी मिळाली, की ब्रेक सुटतो. नगरकडे जानेवारीत रात्री गारठा असतो, पण दुपारी ऊनच. म्हणून बी कुलू खोऱ्यातल्या कटराईनसारख्या ठिकाणी करतात.

थंडी सोसायची जनुकं वेगळी, सीबीएफ वगैरे. मला वाटतं आपल्याला ती नकोतच, आपल्याला कमी थंडीत फुलणारी जात हवी. 'पुसा अगेती' मैदानी भागातही बी देते, म्हणजे अशक्य नाहीये. गोची एवढीच, की ब्रेक फार सैल झाला तर गड्डा भरायच्या आधीच दांडा येतो. शिवाय संकरित वाणाचं घरचं बी एकसारखं येत नाही, ते वेगळंच.

तरी राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या सरकारी ठिकाणी हे व्हावं. कंपनी कशाला करेल? दरवर्षी पुडी विकणं हाच तिचा धंदा.

काकांना हे सगळं सांगितलं. म्हणाले, "तोवर पुडीचे पैसे तू देतोस का?"

दिले!