फिट म्हणजे वेड नव्हे

तेरखेड्यात फटाक्यांच्या कारखान्यात कामाला जाणारी एक बाई सांगत होती, “आधी भीती दाटते. सुट्टीच्या दिवशीबी जळका वास येतो. मग फिट.” सासरचे म्हणाले, बाहेरचं आहे. मेंदूच्या कानाजवळच्या भागात विजेचे संदेश अचानक उसळले की अशी भीती, असा नसलेला वास जाणवतो. आपण ‘मन’ म्हणतो ते मेंदूच्याच कामातून घडते. त्यात बाईची कसली खोट? नियमित गोळ्यांनी दहापैकी सातजणांचे झटके थांबू शकतात. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा अपस्माराला वेडाच्या पंगतीला बसवून लग्न रद्द करण्याची सोय होती. १९९९ साली तो शब्द वगळला. (नवऱ्याला फिट येते म्हणून त्याला घालवून दिल्याचे मी तरी पाहिले नाही.) या बाईला दिवाळीनंतर माहेरी धाडले, गोळ्या सासरीच राहिल्या. त्या आधी आणायच्या आहेत.